आष्टी पास, हसनाबाद नापास

रिकाम्या जागेवर माझा विश्वास नाही. बसमध्ये गर्दी असताना एखादी सीट रिकामी दिसली तर मी आधी ती ओली आहे का बघतो. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून झाली तरी वास घेतल्याशिवाय ती पातेल्यात ओतत नाही. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं की, देवळात प्रसाद दिला तरी हा माणूस पुजाऱ्याकडं पावती मागेल. तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो, पण हा स्वभाव मी आईच्या पोटातून आणलेला नाही. तो मला नोकरीनं लावला. जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या माहिती विभागात मी सारी हयात काढली आणि तिथं माझं काम रिकाम्या जागा तपासण्याचं होतं.

हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो, म्हणून नीट सांगतो. संगणकावर आकड्यांचा तक्ता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिला की दोन रकान्यांच्या मध्ये मोकळी जागा लागते. ती दोन तऱ्हांनी सोडता येते. कळफलकावरची लांब पट्टी आठ-दहा वेळा दाबली की आठ-दहा स्पेस पडतात. किंवा डाव्या बाजूची टॅब ही कळ एकदा दाबायची. टॅब म्हणजे एकच खूण असते आणि ती सांगते, पुढच्या थांब्यापर्यंत उडी मार. पडद्यावर दोन्हींचं रूप सारखंच, कोरं. डोळ्यांनी ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही आणि ओळखतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवलेला नाही.

माणसाला फरक पडत नसला तरी यंत्राला पडतो. एका प्रोग्रामला टॅब लागतात, दुसऱ्याला टॅब दिसली की तो रुसतो. मग काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून एकाचं दुसरं करावं लागतं. टॅबचे स्पेस करणारा हुकूम आहे एक्स्पांड, स्पेसचे टॅब करणारा अनएक्स्पांड. आणि माझा सगळ्यांत लाडका हुकूम कॅट. त्याच्यापुढं आडवी रेघ आणि मोठी ए लिहिली की तो फाइलचं पोट फाडून दाखवतो. जिथं टॅब असेल तिथं टोपीसारखी खूण आणि मोठी आय उमटते, ओळ संपते तिथं डॉलर. कुणाचीही फाइल आली की मी आधी हा हुकूम मारायचो. कुणी "साहेब, एकदम साफ फाइल आहे" म्हणालं तर दोनदा मारायचो.

परतूरच्या शाखेत एक टंकलेखक होते. टाइपरायटरवर उमेदवारी केलेले. त्यांच्या फाइली दिसायला इतक्या देखण्या असत की मला पहिल्या दिवशीच संशय आला. पोट उघडलं तर रांगा सरळ यावात म्हणून त्यांनी टॅब, स्पेस, पुन्हा टॅब, जे हाताला येईल ते ठासलं होतं. मी फोन केला तर म्हणाले, "अहो, सरळ दिसून राह्यलं ना? मंग तुम्हाला आतून बघायची काय गरज?"

दुसरे एक इंजिनियर, पुण्याहून नवं यंत्र बसवायला आलेले. दोन दिवस त्यांचा प्रोग्राम चालेना. वायर बदलल्या, यंत्र बदललं, शेवटी जालन्याच्या विजेवर खापर फोडलं. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या फाइलवर कॅट फिरवला आणि सतराव्या ओळीत लपलेली एक टॅब काढून टाकली. प्रोग्राम चालू झाला. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू ती टॅब मीच घातली होती. मला वाईट वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

या किश्श्यांवर मी बरीच वर्षं फुशारकी मारली. पण ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट फुशारकीची नाही आणि ती मी आजवर कुठं लिहिलेली नाही.

आमची कंपनी शेतकऱ्यांना मूळ बियाणं द्यायची, ते आपल्या शेतात बियाण्याचं पीक घ्यायचे आणि माल कंपनीच्या गोदामात येऊन निकालाची वाट बघत पडायचा. पण त्याआधी गावात जाऊन पोत्यांमधून नमुना काढावा लागे. नमुना प्रयोगशाळेत जायचा. तिथं दोन गोष्टी मुख्य. एक शुद्धता, म्हणजे शंभर भाग बियाण्यात खरं बियाणं किती आणि भेसळ-कचरा किती. दुसरी उगवण, म्हणजे शंभर दाण्यांतले किती रुजले. हरभऱ्याची शुद्धता अठ्ठ्याण्णवच्या खाली गेली की माल नापास. मग ते बियाणं राहत नाही, डाळीचा हरभरा होतो, आणि हंगामभर शेतातली भेसळीची रोपं वेचून उपटणाऱ्या शेतकऱ्याच्या मेहनतीची डाळ होते.

नमुने आणणाऱ्यांत नामदेव खरात होता. हसनाबादचाच राहणारा. हसनाबाद आणि टेंभुर्णी हा त्याचा टापू. पोत्यात खुपसायची पोकळ लोखंडी नळी मोटारसायकलला बांधून फिरायचा. नमुन्याच्या कापडी पिशव्या तो माझ्या टेबलावर अशा ठेवायचा की जणू आत अंडी आहेत. त्याचा हात स्वच्छ, असं सगळे म्हणत. मी काही म्हणत नव्हतो.

पिशवी आली की मी तिच्यावरची गावाची चिठ्ठी काढून ठेवायचो आणि नंबर टाकायचो. प्रयोगशाळेत फक्त नंबर जायचा, म्हणजे कुणाचा माल आहे हे तपासणाऱ्याला कळू नये. ही पद्धत मीच आग्रह धरून लावली होती आणि तिचा मला अभिमान होता. तपासणीचे आकडे नंबरासकट माझ्याकडं यायचे, मी त्या नंबरापुढं गावाचं नाव लिहायचो. नंबर, गाव, उगवण, शुद्धता, असे चार रकाने, मध्ये टॅब. मग एक्स्पांडला सांगायचो की वीस-वीस घरांवर, म्हणजे अक्षरांच्या जागांवर, थांबे धर आणि टॅबच्या जागी स्पेस भर. कारण पास-नापास ठरवणारा आमचा जुना प्रोग्राम घरं मोजून वाचायचा. विसाव्या घरानंतर गाव, चाळिसाव्यानंतर उगवण, साठाव्यानंतर शुद्धता. तो आधी शुद्धता बघायचा. तिथं नापास झालं की उगवणीकडं ढुंकूनही न बघता चिठ्ठी छापायचा.

चिठ्ठ्या इंग्रजीत निघत. एकदा नामदेव म्हणाला, "सायेब, चिठ्ठी मराठीत देता येईल का? लोकं मलाच वाचून मागतेत. मी सांगतो ते त्येंना खरं वाटत न्हाई." मागणी बराबर होती. नव्या हंगामापासून मी गावांची नावं मराठीत लिहायला लागलो.

आणि त्याच हंगामात नामदेवचा माल नापास व्हायला लागला. हसनाबाद, शुद्धता अठ्ठ्याऐंशी, नापास. टेंभुर्णी, शुद्धता एक्क्याण्णव, नापास. आष्टी मात्र पास, अंबड पास, भोकरदनचा दुसऱ्या माणसानं आणलेला नमुनाही पास. आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांतून सुटली नव्हती. नामदेवची मोटारसायकल नवी होती.

पहिली नापास चिठ्ठी घेऊन तो माझ्याकडं आल्ता. चिठ्ठी टेबलावर ठेवून त्यानं बोट लावलं. "सायेब, हे बघा. हसनाबादचा द कुठंय? इथं निस्ता चौकोन आलाय." मी बघितलं. 'हसनाबा' आणि पुढं एक छोटा रिकामा चौकोन. मी म्हणालो, "प्रिंटरचं काहीतरी आहे." तो म्हणाला, "आन् टेंभुर्णीचं बी असंच अर्धं आलंय." मी म्हणालो, "नाव सोड. भेसळ कुठून आली ते सांग."

तो उभाच राहिला. आयुष्यभर रिकाम्या जागांवर नजर ठेवणाऱ्या माझ्यासमोर एक रिकामा चौकोन ठेवला होता आणि मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडं बघत होतो. चेहरा उतरला होता. मला वाटलं, चोरी पकडली गेली की उतरतो तसाच आहे.

मी वहीत नोंदी करायला लागलो. तो कोणत्या दिवशी किती वाजता आला, पिशवीचं सील कसं होतं, गाठ कशी होती. महिनाभरानं वही साहेबांपुढं ठेवली. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक, भला माणूस, पण निर्णय दुसऱ्यानं घेतलेला आवडणारा. त्यांनी नामदेवला बोलावलं ते सगळ्यांसमोर, गोदामाच्या दारात. म्हणाले, नमुना कुठं बदलतोस? नामदेव म्हणाला, "म्या कशाला बदलीन सायेब? माझ्या भावकीचा माल हाय त्यात." साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हणूनच." हे 'म्हणूनच' माझ्या वहीतलं होतं. भावकीशी त्याचं बांधावरून वाकडं आहे, असं मी कुणाकडून तरी ऐकून लिहिलं होतं.

त्याची नळी काढून घेतली आणि त्याला पोती शिवायला बसवलं. हसनाबादमध्ये बातमी त्याच्याआधी पोचली. मग ज्यांचा माल नापास झाला होता त्यांनी त्याच्या दारात येऊन काय काय विचारलं ते मला पुढं कळलं. त्याची बायको दोन महिने पाण्याला सकाळी उजाडायच्या आत जायची, म्हणजे कुणी भेटू नये.

आष्टीकडं जाणाऱ्या माणसाला हसनाबादला पाठवलं. त्याचे आष्टीचे नमुने नेहमीसारखे पास. हसनाबादचे नापास.

इथं एखाद्या सरळ माणसाला वाटलं असतं की नामदेव निर्दोष आहे. मला वाटलं, आता दोघं सामील आहेत. दोन दिवसांनी वाटलं, गावच सामील आहे. घरी जेवताना हे बोललो तर सौभाग्यवती म्हणाल्या, "उद्या हरभऱ्यावर पण संशय घ्याल." तिसऱ्या दिवशी माझी नजर प्रयोगशाळेकडं वळली.

प्रयोगशाळेत मंदाताई होत्या. पंधरा वर्षं त्या भिंगाखाली दाणे निवडत होत्या आणि माझ्याशी कामापुरतंच बोलत. नंबरावरून त्यांना गाव कळत नाही हे मला ठाऊक होतं, कारण पद्धत माझीच. पण कोणता नंबर कुठल्या गावाचा ते कुणीतरी त्यांना सांगत असेल तर? मी सापळा लावायचं ठरवलं. आष्टीचा एक पास झालेला लॉट गोदामात होता. त्यातून मी स्वतः हरभरा काढला, नीट कालवला, दोन पिशव्यांत निम्मा निम्मा भरला. एका पिशवीची नोंद माझ्या वहीत आष्टी म्हणून केली, दुसरीची हसनाबाद म्हणून. कोणता नंबर कुठला ते कुणालाही कळू दिलं नाही आणि वही घरी घेऊन गेलो.

दाणे रुजायला आठ दिवस लागतात. ते आठ दिवस मी इतका खुशीत होतो की घरच्यांना माझी काळजी वाटायला लागली.

आकडे आले, मी फाइल बनवली, चिठ्ठ्या काढल्या. आष्टी पास. हसनाबाद नापास, शुद्धता नव्वद. एकाच पोत्यातला हरभरा. मी दोन्ही चिठ्ठ्या घेऊन तडक प्रयोगशाळेत गेलो आणि मंदाताईंच्या पुढं ठेवल्या. "हा एकच माल आहे. मी स्वतः भरलाय. आता बोला."

मंदाताईंनी चिठ्ठ्या वाचल्या. आवाज चढवला नाही. कपाटातून त्यांची हातानं लिहायची वही काढली, दोन्ही नंबर शोधले आणि वही माझ्याकडं फिरवली. पहिल्या नंबरापुढं उगवण नव्वद, शुद्धता नव्व्याण्णव. दुसऱ्या नंबरापुढं उगवण नव्वद, शुद्धता नव्व्याण्णव.

"मी हे लिहिलं आन् हेच टाइप केलं," त्या म्हणाल्या. "पुढं गाव कोण टाकतं ते मला माहीत न्हाई. आम्हाला कळू देत न्हाईत ना तुम्ही."

मी वहीकडं बघत राहिलो. नंबर आणि गाव दोन्ही ठाऊक असणारा माणूस त्या कंपनीत एकच होता, आणि ही व्यवस्था त्यानंच करून ठेवली होती.

जागेवर येऊन मी फाइलचं पोट उघडलं. टॅब असलेली मूळ फाइल बिलकुल बरोबर होती. मग एक्स्पांडमधून निघालेली फाइल उघडली. आष्टीच्या ओळीत उगवण चाळिसाव्या घरानंतर होती. हसनाबादच्या ओळीत ती साठाव्या घरानंतर होती, जिथं प्रोग्राम शुद्धता शोधतो. तो उगवणीचा नव्वद शुद्धता म्हणून वाचत होता आणि नापास करत होता. खरी शुद्धता ऐंशीच्या पलीकडं सरकली होती, तिथं बघायला कुणी जातच नव्हतं.

हे मी पडद्यावर आधी पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. मराठी आल्यापासून रांगा तशाही वाकड्यातिकड्या दिसत. मराठीत असंच दिसायचं म्हणून मी सोडून दिलं होतं.

शेवटी घरं मोजणारा हुकूम काढला आणि त्याला 'हसनाबाद' दिलं. उत्तर आलं एकवीस. इंग्रजी अक्षराला यंत्र एक घर देतं, पण मराठीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा, जोडाक्षरातली न दिसणारी पाय मोडल्याची खूणसुद्धा, तीन घरं खाते, आणि आमचा एक्स्पांड तीच घरं मोजत होता. ह, स, न, काना, ब, काना, द. सात त्रिक एकवीस. रकाना वीसचा. नाव एका घरानं बाहेर सांडलं की टॅब पुढच्या थांब्यावर उडी मारायची आणि मागचे सगळे आकडे तिच्याबरोबर जायचे. आष्टीला पंधरा घरं लागतात, भोकरदनला अठरा. टेंभुर्णीला सत्तावीस. प्रोग्राम वीस घरांवर नाव कापायचा, म्हणून शेवटचं अक्षर अर्धं तुटून त्या जागी चौकोन छापला जायचा. नामदेवनं पहिल्याच दिवशी बोट ठेवलं होतं ते नेमकं तिथं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मशीनचा दोष म्हणून टाकू. बाहेर चर्चा नको." मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मशीननं मी सांगितलं तेवढंच केलं होतं. मी लिहून दिलं की नमुने चोख होते, प्रयोगशाळा चोख होती, चूक माझ्या हुकुमात होती, आणि खाली सही केली. गोदामात पडून असलेल्या लॉटच्या चिठ्ठ्या नव्यानं काढल्या, सगळे पास झाले. पण काही शेतकरी आधीच नापास माल उचलून घेऊन गेल्ते. त्यांच्या घरी मी गेलो. एका म्हाताऱ्यानं मला चहा दिला आणि सांगितलं की त्यांचा हरभरा भरडून झाला. त्या वर्षाचं ते उत्तम बियाणं डाळ होऊन गेलं, ते मला परत आणता आलं नाही.

नामदेवला मी गोदामाच्या दारातच बोलावलं. त्याला विचारलं होतं ते सगळ्यांसमोर, तेव्हा सांगणंही सगळ्यांसमोरच व्हायला हवं होतं. पोती शिवणारे, हमाल, साहेब, मंदाताई, सगळे होते. मी कागद वाचून दाखवला. वाचून झाल्यावर म्हणालो, "नामदेव, माझं चुकलं. मला माफ कर."

तो सुई-दोरा हातात घेऊनच उभा होता. म्हणाला, "माझ्यावर शक घेतला त्याचं एक वेळ जाऊ द्या सायेब. तुमचं कामच शक घ्यायचं. तुम्ही माझ्यावर घेतला, त्या आष्टीवाल्यावर घेतला, ताईवर घेतला, साऱ्या गावावर घेतला. एक बार बी सोतावर घेतला न्हाई का?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग मी चिठ्ठी दाखवली तव्हा बी?"

तो परत पोती शिवायला बसला. पाळी संपेपर्यंत त्यानं ती शिवली.

दुसऱ्या दिवशी त्याला नळी परत मिळाली. मी गावाचा रकाना उचलून ओळीच्या पार शेवटी नेला आणि प्रोग्रामही तसा बदलून घेतला. नाव कितीही लांब झालं तरी त्याच्यामागं सरकायला काही उरलं नाही. आठवड्यानं नामदेव पिशव्या घेऊन आला, पूर्वीसारख्याच अलगद ठेवल्या. पुढच्या फेरीला आला तेव्हा चिठ्ठ्या निघायच्या होत्या, तर तो तिथंच उभा राहिला. मी बस म्हणालो, बसला नाही. चिठ्ठी निघाली तशी त्यानं हातात घेतली आणि बोट ठेवून वाचली. ह. स. ना. बा. द. शेवटच्या अक्षरावर बोट जरा थांबलं. मग उगवण, मग शुद्धता. "बराबर हाय," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर प्रत्येक हंगामात, प्रत्येक चिठ्ठी त्यानं तशीच वाचली. मी त्याच्यासाठी टेबलाजवळ खुर्ची ठेवली होती, तिच्यावर तो कधी बसला नाही. बाकी बोलणं पूर्वीसारखं झालं. त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका त्यानं घरी आणून दिली. आम्ही नवराबायको हसनाबादला जाऊन आलो, पहिल्या पंगतीला त्यानं मला मानानं बसवलं. पण चिठ्ठी तो उभ्यानंच वाचायचा.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशीही त्याच्या दोन चिठ्ठ्या होत्या. त्यानं वाचल्या, घडी घालून खिशात ठेवल्या. मग माझ्या रिकाम्या केलेल्या टेबलाकडं बघून विचारलं, "उद्यापासून इथं कोण बसणार?"

मी म्हणालो, "नवीन माणूस येतोय. हुशार आहे."

"हुशार असू द्या," नामदेव म्हणाला. "त्येला सांगून ठेवा, मी उभा राहून वाचत असतो म्हणून."

मी सांगून ठेवलं.